लाल रंगाचा डबा

श्रीरामपूरला एसटी स्टँडमागे एक पेंटर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शाळेत शिकवून घरी येताना मी हटकून तिथं थांबायचो, कारण त्याची एक तऱ्हा मला काही केल्या कळत नव्हती. पाटी होत आली की तो भडक लाल रंगाची एकच रेघ ओढायचा, रस्ता ओलांडून पलीकडे जायचा, एक डोळा मिटून बघायचा आणि परत येऊन बहुतेक वेळा ती रेघ चिंधीनं पुसून टाकायचा.

"अहो, चांगली उठून दिसत होती की!"

"त्येच तर वाईट, गुरुजी. नाव दिसाया पायजे, रंग न्हाई."

गिऱ्हाइकानं कितीही हट्ट धरला तरी हा बधायचा नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या रस्त्याकडेला एक विहीर खणली, पण कठडा बांधायचं राहून गेलं. एका सकाळी हा तिथं उकिडवा बसलेला. काठावरचे सगळे दगड लालभडक, आणि शेजारी डबा रिकामा.

"आज हात बराच सैल सोडलात!"

तो उठून रस्त्यापलीकडे गेला, एक डोळा मिटून बघत राहिला. मग तिथूनच ओरडला, "हितं रंगच दिसाया पायजे, गुरुजी!"