वन्संची लाल खूण

मुलांनो, तुमच्या आईची आत्या, म्हणजे माझी नणंद, आम्हा सगळ्यांच्या वन्सं. त्यांच्या पर्समध्ये कायम लाल नेलपेंटची बाटली असे, पण त्यांच्या नखांवर मी कधी रंग पाहिला नाही. ती बाटली खुणांसाठी होती. मिक्सर असो, शिलाई मशीन असो, काहीही उघडण्याआधी त्या जोडाच्या दोन्ही बाजूंना लाल ठिपका देत. "उघडता कुणालाही येतं, वहिनी. होतं तसं बसवता आलं पाहिजे."

त्यांची एक जुनी डिझेल व्हॅन होती. द्राक्षांच्या हंगामात सायखेड्याच्या बायकांना पिंपळगावच्या पॅकहाउसला, द्राक्षं पेट्यांत भरायच्या कामावर, नेणं-आणणं हा त्यांचा धंदा. गाडी गॅरेजला टाकली की लोक घरी जातात. वन्सं तिथेच स्टूल ओढून बसत. मेकॅनिक वैतागे. "ताई, जा ना घरी, झालं की फोन करतो." "फोनवर मला दिसणारे का?" असं बसून बसून त्या शिकल्या.

एका वर्षी ऐन हंगामात टायमिंग बेल्टला चिरा पडलेल्या दिसल्या. हा दातेरी पट्टा इंजिनाची वरची आणि खालची चाकं एका तालात फिरवतो. तो तुटला किंवा दोन-चार दात चुकवून बसला, की आतले व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन कामातून जातं. गॅरेजवाल्याला आठवडाभर सवड नव्हती. पॅकहाउसचा ठेकेदार म्हणाला, उद्या गाडी नाही आली तर दुसऱ्याचा टेम्पो लावतो, मग हंगामभर तोच. वन्संनी नवा बेल्ट आणला आणि आमच्या अंगणातच बोनेट उघडलं.

माझ्याकडे नट-बोल्ट. मी फराळाचं ताट घेतलं आणि निघाले त्या क्रमाने ते वाट्यांमध्ये मांडत गेले. तुमचे आजोबा ओट्यावरून म्हणाले, "नणंद-भावजय मिळून इंजिनाचं थालीपीठ करणार आज."

वन्संनी चाकांवर आणि त्यांच्यालगत इंजिनाच्या अंगावर जुळत्या लाल खुणा केल्या आणि त्या चहाला आत गेल्या. तेवढ्यात सासूबाई कुंकवाचा करंडा घेऊन अंगणात येऊन गेल्या. नवी वस्तू बसवायची तर पूजा हवीच. आम्ही कुणी लक्ष दिलं नाही.

जुना बेल्ट काढताच वरचं चाक आपोआप थोडं फिरलं. वन्संनी ते परत आणून लाल ठिपका जुळवला, नवा बेल्ट चढवून ताणला. आजोबांनी चावी पुढे केली.

"थांब दादा. आधी हातानं, मग चावीनं."

खालच्या चाकाला पाना लावून त्या इंजिन हाताने फिरवू लागल्या. अर्ध्यात पाना थांबला.

"नवा बेल्ट आहे, घट्टच असणार," आजोबा म्हणाले. "मार चावी."

फाटकातून पॅकहाउसची एक बाई विचारत होती, "ताई, उद्या गाडी हाय ना? का टेम्पोवाल्याला सांगू?"

वन्संनी पान्यावरचा हात काढून घेतला. "दादा, घट्ट वेगळं आणि अडलेलं वेगळं. घट्ट असतं ते हळूहळू का होईना सरकतं. हे अडलंय, आत व्हॉल्व्ह पिस्टनला टेकलाय." आणि जोडलेलं सगळं त्यांनी पुन्हा उघडायला घेतलं. नट-बोल्ट माझ्या वाट्यांमध्ये परत आले.

वरचं चाक त्यांनी फडक्याने पुसलं. त्यावर लाल ठिपके दोन होते. एक फडक्यावर आला, दुसरा जागचा हलला नाही.

"आई! चाकाला कुंकू लावलंस?"

"मग? नवं बसवायचं ते तसंच?"

"अगं, मी तुझ्या कुंकवावर इंजिन जुळवलं! बोनेटला लाव ना, हवं तेवढं लाव."

"त्या कुंकवानंच वेळेवर थांबवलं तुला," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

दिवेलागणीच्या आत बेल्ट पुन्हा बसला. पाना या वेळी अलगद फिरला. मग चावी. इंजिन सुरू झाल्यावर वन्संनी आधी माझं ताट बघितलं. एकही नट उरला नव्हता. माझ्या सगळ्या पदव्यांपेक्षा त्या रिकाम्या वाट्यांचा मला जास्त अभिमान आहे.

सकाळी भरलेली व्हॅन पिंपळगावकडे निघाली, तेव्हा आजोबा फाटकात उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "बहिणीनं बसवला बेल्ट. घरी!" थालीपिठाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

आता वन्सं नाहीत. ती व्हॅन फाटकातून विचारणाऱ्या त्याच बाईनं घेतली. दसऱ्याला ती आमच्या दारात आणते; कुंकू फक्त बोनेटला.

पण तुम्हाला सांगायचं ते वेगळंच. तुमची आई तिकडे परदेशात नोकरीला गेली, त्या पहिल्या हिवाळ्यात तिचा रडत फोन आला होता: नोकरी जमत नाही, परत येते. मी "ये" म्हणणारच होते. वन्संनी फोन माझ्या हातातून घेतला.

"एकच सांग. घट्ट आहे, का अडलंय?"

मग ती म्हणाली, "घट्ट आहे, आत्या."

"मग जोर नको लावूस. हळू फिरव."

ती राहिली. तुमचा जन्म तिकडे झाला, त्याला वन्संचा हात लागलेला आहे. ऑइलनं काळा झालेला.