चालू रस्ता बंद

डोणगावच्या अलीकडे नातीनं गाडी थांबवली आणि गरम डांबराचा वास आत आला. समोर तीच पाटी: 'काम चालू रस्ता बंद'. इतक्या वर्षांत या लोकांना मधे एक स्वल्पविराम देणं जमलं नाही!

तेव्हा माझं नवंच लग्न झालेलं. भावाच्या लग्नाला आम्ही दोघं स्कूटरवर याच रस्त्यानं निघालो होतो. अक्षता चुकतील म्हणून माझा जीव टांगणीला. पाटी पाहून हे म्हणाले, "मांगं फिरू." पण मी पडले मॅट्रिक पास! "नीट वाचा. चालू रस्ता बंद हाय. म्हंजे बंद पडलेला चालू असन!"

नव्या नवरीपुढे कोण बोलणार? यांनी बाजूच्या जुन्या रस्त्यावर स्कूटर घातली. तो थेट डांबराच्या भट्टीपाशी संपला. माझ्या शालूचा काठ डांबरात.

खडी टाकणारी बाई म्हणाली, "काऊन वो, पाटी वाचता येत नाही का?"

"हिले येते ना," हे म्हणाले, "थेच तर पंचाईत हाय!"

पोचलो तेव्हा पंगत उठत होती.

"आजी, फोन तर रस्ता उघडा दाखवून राह्यला," नात म्हणाली. "पाटी काय म्हणते?"

"मले नाही वाचता येत," मी म्हटलं. "मुकाट्यानं मांगं फिर."