कोरडं डोकं

गाड्यांच्या काचा बसवणाऱ्या काचवाल्याला सगळा बाजार ‘उस्ताद’ म्हणायचा, आणि उस्तादांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. पिकअप दुकानासमोर लागली, की आधी काचेच्या कोपऱ्यातला शिक्का वाचायचा आणि मग गिऱ्हाइकाला भाषण ऐकवायचं. “पुढची काच तडकते, पण जागा सोडत नाही. दोन काचांच्या मधे पापुद्रा असतो ना! मागची आणि दारांची काच वेगळी. ती तापवून कडक केलेली. तिच्या पोटावर बुक्की मारा, हसेल. पण काठाला एक खडा टोचू द्या, क्षणात दाणे दाणे!” हे ऐकल्याशिवाय कुणाची सुटका नव्हती. घाईतल्या माणसांनाही नव्हती.

भाषण चालू असताना उस्तादांची बायको गाडीत जाऊन बसलेली असे. तिला गिऱ्हाइकं वहिनी म्हणत, आणि त्यापलीकडे फारसं काही म्हणत नसत. खरं तर मागची काच बसवणं हे दोघांचं काम. काचेभोवती रबर चढवायचं, रबराच्या खाचेत दोरी घालायची आणि दोरीची दोन्ही टोकं गाडीत सोडायची. बाहेरच्यानं तळव्यांनी काच दाबायची, आतल्यानं दोरी ओढत न्यायची, म्हणजे रबराचा ओठ पत्र्याच्या कडेवरून उलटून आत येतो. उस्ताद बाहेर आणि वहिनी आत, ही वाटणी लग्नापासूनची. शेजारच्या गॅरेजच्या ठणठणाटात बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून काचेवर ठोके मारायचे. एक ठोका म्हणजे चल पुढे, दोन म्हणजे थांब.

शेवटी पाण्याची परीक्षा. उस्ताद बाहेरून नळी सोडत आणि वहिनी आत काचेला डोकं टेकून बसत. डोकं कोरडं राहिलं तर काम पास. ओलं झालं तर वहिनी खाली उतरून एवढंच म्हणत, “माझी आंघोळ झाली.” मग पुन्हा सगळं काढा. सुरुवातीच्या काळात वहिनींच्या बऱ्याच आंघोळी झाल्या होत्या.

मग उस्तादांच्या उजव्या हातानं संप पुकारला. अर्धांगाचा झटका आला, माणूस सावरला, पण तळव्यातला जोर काही परत आला नाही. ‘उस्तादाचा हात गेला’ ही बातमी बाजारात वाऱ्यासारखी फिरली आणि गिऱ्हाइकं चौकातल्या मोठ्या दुकानाकडे वळली. वहिनी एकदा म्हणाल्या, “मी बाहेरून दाबते. तुम्ही आत बसून दोरी ओढा. डावा हात धडधाकट आहे ना?”

“दोरी ओढायची? मी?” उस्ताद म्हणाले. “तो तर डाव्या हाताचा मळ! ते काय उस्तादाचं काम आहे?”

त्या दिवशी घरातली भांडी जरा जास्तच आवाज करत घासली गेली. उस्तादांनी मात्र मनाशी पक्कं केलं होतं. हात दाखवून अवलक्षण कशाला? महिनाअखेर दुकानाला कुलूप लावायचं.

महिना सरत आला असताना एक प्लंबर पिकअप घेऊन आला. वाटेत कचकन ब्रेक मारताच मागचा पाइप सरकत आला होता आणि मागची काच फोडून सीटपर्यंत पोचला होता. त्यानं आधी उस्तादांच्या हाताकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

“काच आहे तुमच्याकडे,” तो म्हणाला, “पण बसवणार कोण?”

“मी,” दुकानातून वहिनींचा आवाज आला. साबणाच्या पाण्यात भिजवलेलं रबर हातात घेऊनच त्या बाहेर आल्या.

“वहिनी, तुम्ही? आणि गळली तर?”

“गळली तर यांच्या डोक्यावर गळेल. आत हेच बसणार आहेत.”

प्लंबर हसला आणि थांबला. आता नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. उस्तादांनी डाव्या हातानं सीटवरचा चुरा काढला, पत्र्याची कड पुसली, “साफ आहे,” असं जाहीर केलं आणि आयुष्यात पहिल्यांदा दोरीचं टोक धरून आत बसले.

आत गेल्यावर त्यांना कळलं, की हा मळ काही सहजी निघणारा नाही. दोरी जास्त ओढली तर रबर फाटतं, कमी ओढली तर ओठ अर्धवट राहतो, आणि बाहेरचा माणूस तर आपल्याच धुंदीत दाबत असतो. खालची बाजू झाली. एक बाजू वर सरकली. वरचा कोपरा मात्र येईना. उस्तादांना चेव चढला. त्यांनी एक ठोका मारला. चल पुढे!

बाहेरून दोन ठोके आले.

उस्तादांनी पुन्हा एक मारला. वहिनींनी पुन्हा दोन मारले आणि काचेपलीकडून असं काही पाहिलं, की दोरी आपोआप ढिली पडली. त्यांनी कोपऱ्यातलं रबर उचललं, बोट आत घातलं आणि डाळीच्या दाण्याएवढा काचेचा तुकडा बाहेर काढला. उस्तादांच्या ‘साफ’ कडेवरचा. काठाखाली तो राहिला असता, तर पहिल्याच खड्ड्यात नव्या काचेचे दाणे झाले असते. आपलंच भाषण उस्तादांना चांगलं आठवलं.

आणखीही काही आठवलं. इतकी वर्षं आतून दोन ठोके आले, की ते मनात म्हणत, दमली असेल बिचारी. बाहेर उभे राहून ऐटीत घाम पुसत. तेवढ्या वेळात आत काय काय निस्तरलं जात होतं, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. ज्या हाताचं बाजारात नाव होतं, त्याला थांबवणारा हात इथं, या सीटवर होता. लाज वाटायला हवी होती. वाटलीही थोडी. पण त्याहून जास्त त्यांची छाती फुगली, कारण तो हात त्यांच्या घरातला होता.

एक ठोका आला. उस्तादांनी निमूटपणे दोरी ओढली. कोपरा बसला.

मग पाणी. वहिनींनी नळी पुरती सोडली; कोपरे, कडा, काहीच सोडलं नाही. उस्ताद काचेला डोकं टेकून बसले. पलीकडे बायको नळी धरून उभी होती, पदर खोचलेला, कपाळाला आठी, पाण्यातून जरा वाकडीतिकडी दिसत होती.

उतरल्यावर त्यांनी प्लंबरपुढे मान वाकवली. “लावा हात.”

प्लंबरनं केस चाचपले. कोरडे ठणठणीत. मग त्याचं लक्ष चेहऱ्याकडे गेलं. “अहो, गाल ओला आहे की! गळतंय कुठून तरी.”

“ते काचेतून नाही,” उस्ताद म्हणाले.

वहिनी पाठ फिरवून नळी गुंडाळू लागल्या. गुंडाळलेली पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. प्लंबरनं गाडी सुरू केली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “आमच्या कामावर अजून एक पिकअप आहे, मागची काच फुटलेली. उद्या उस्तादांकडे पाठवू?”

“पाठवा की,” उस्ताद म्हणाले आणि वहिनींकडे बोट दाखवलं. “उस्ताद त्या. मी आत असतो.”