शनिवारची गार तोंडीलावणी

गार खायचं अन्न शुक्रवारीच वेगळ्या हाताने शिजवावं लागतं. वनस्पती तूप चालत नाही; ते गोठतं आणि टाळूला चिकटतं. बटाटा चालत नाही, सकाळपर्यंत तो रबरासारखा होतो. मीठ नेहमीपेक्षा चिमूटभर जास्त, कारण गार पदार्थात मीठ लपतं. आंबटपणा हवाच. तेल कच्चं प्यावं इतकं चांगलं हवं. माझ्या आईने हे सगळं वणीत, चुकत चुकत ठरवलं.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस; तेव्हा आमच्या घरात विस्तव पेटत नाही. वडील राजूरकडच्या कोळसा खाणीत सर्व्हेअर होते. नोकरी संपल्यावर त्यांनी वणीतच घर बांधलं. आमच्या रीतीने कोंबडी-बकरं कापणारा माणूस जिल्ह्यात नव्हता, त्यामुळे कोकणात शनिवारी असणारं मटण इथे पहिल्या महिन्यातच ताटातून गेलं. ताटाच्या कडेची तोंडीलावणी उरली आणि तेच जेवण झालं. वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल. चिंच-गुळातली कारली. हिवाळ्यात तुरीचे ओले दाणे, ज्यांना इथे सोले म्हणतात, ते कांद्यावर परतून. आंबट चुक्याची घट्ट भाजी. जवसाची चटणी. नारळाच्या दुधात भिजवलेल्या दशम्या. आणि काकडीची कोशिंबीर, जी एकटीच शनिवारी ताजी व्हायची, कारण शुक्रवारी चिरलेली काकडी दुसऱ्या दिवशी पाण्यात पोहते. सगळ्या भांड्यांवर ओलं फडकं, कारण कोळशाचे ट्रक दिवसरात्र जातात आणि काजळी उघड्या अन्नावर बसते.

वडील गेल्यावर आई हे सगळं एकटीसाठी करत राहिली. मी यवतमाळला असते, महिन्यातून एखाद्या शनिवारी तिच्याकडे असायची. एरवी तिच्या ताटाला सोबत होती ती शेजारणीची. शेजारणीच्या नवऱ्याचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज आहे. दुपारी ती भाजीची वाटी घेऊन यायची आणि कारली घेऊन जायची. पण आईला आपल्या माणसांपैकी कोणीतरी शनिवारी ताटावर बसायला हवं होतं. ती हे दर वर्षी बोलून दाखवायची. "मी मेल्यावर या घरात शब्बाथ होता हे सांगणारं कोण आहे?" असं विचारायची, आणि उत्तराची वाट न पाहता कामाला लागायची.

म्हणून गेल्या जानेवारीत धाकटी बहीण नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा वणीला यायचं ठरलं, तेव्हा आईने बुधवारपासूनच तयारी सुरू केली. जावई ठाण्याचा. मधे इस्राएलला राहून, धर्माचा अभ्यास करून आलेला. आईच्या दृष्टीने याहून योग्य माणूस तिच्या ताटावर बसणं शक्य नव्हतं.

ते शुक्रवारी दुपारी आले. आईने फ्रिजमधला दिवा काढून ठेवला होता, दार उघडल्यावर तो पेटू नये म्हणून. जावयाने ते पाहिलं आणि म्हणाला, "वा, आई! हे तर ठाण्यातही फार लोक करत नाहीत." आईने पदराने तोंड पुसलं. घाम नव्हता. संध्याकाळी तिने तेलाचा दिवा लावला, मनुकांच्या सरबतावर जावयाने प्रार्थना म्हटली, आणि आई उभ्या उभ्या रडली. रात्री जेवायच्या वेळी तो म्हणाला, प्रवासाने पोट जड झालंय. दोन केळी खाल्ली आणि झोपला. आईने ते खरं मानलं. मीही मानलं.

शनिवारी दुपारी भांड्यांवरची फडकी निघाली. आई विळीवर काकडी चिरायला बसली. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला.

"आई, एक सांगू? राग मानू नका. इतकं बारीक आज चिरत नाहीत. ते दळण्यात धरतात."

आईचा हात थांबला. "मग मोठे तुकडे करू का?"

"चालेल. पण लिंबू पिळू नका. पिळणंही कामात येतं."

आईने लिंबू बाजूला ठेवलं. मोठे तुकडे केले. तो आत आला आणि चुक्याच्या भाजीकडे पाहून म्हणाला, "पालेभाजी निवडताना पानन् पान उजेडात धरून पाहिलं होतं? बारीक कीड असते."

"तीन पाण्यांनी धुतलाय, जावईबापू."

"धुणं पुरत नाही."

मग तेल. कोणतं वापरता, त्याने विचारलं. आईने अभिमानाने सांगितलं की वणीत एकजण लाकडी घाण्यावर शेंगदाण्याचं तेल काढून देतो, डोळ्यांदेखत. त्यावर धर्मगुरूंच्या मान्यतेचा शिक्का असतो का, असं त्याने विचारलं. घाण्याच्या तेलावर कसला शिक्का असणार? तेल वांग्यात होतं, कारल्यात होतं, सोल्यात होतं, दशम्यांवरून फिरवलेलं होतं. एका प्रश्नात सगळी भांडी गेली.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. आमच्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणत. ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे. प्रार्थनेची भाषा विसरली होती, पुस्तक जवळ नव्हतं, कोणी गुरू नव्हता. शनिवारी थांबलेला घाणा तेवढा होता, आणि त्यावरून गावाने आम्हाला वेगळं ओळखलं. त्या तेल्यांच्या वंशजाला माझ्या आईच्या तेलावर शिक्का हवा होता.

मी म्हटलं, "तिने इतकी वर्षं इथे एकटीने शनिवार पाळलाय."

"ताई, भावना आणि कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," तो म्हणाला. मग आईकडे वळला. आवाज अगदी मऊ होता. "तुमची काही चूक नाही, आई. तुम्हाला कोणी शिकवलंच नाही."

मला त्याचा आवाज चढलेला चालला असता. चढलेल्या आवाजाशी भांडता येतं.

त्याने बॅगेतून प्लास्टिकचा डबा काढला. आत ट्युना मासा होता, सोबत बिस्किटांचं पाकीट. पत्र्याचा डबा शनिवारी फोडणं त्याच्या हिशेबात बसत नाही, म्हणून मासा शुक्रवारी, दिवा लावण्याआधीच, काढून ठेवलेला होता. म्हणजे आईच्या हातचं खायचं नाही हे घरात पाऊल टाकल्यावर लगेच, किंवा त्याही आधी, ठरलेलं होतं. पोट जड नव्हतं. चुक्याची कीड, लिंबू, शिक्का, हे सगळे प्रश्न निकाल लागल्यानंतर विचारले गेले होते.

बहिणीसमोर आईने पूर्ण ताट वाढलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि काकडीचा एक मोठा तुकडा उचलला. मी तिला म्हटलं, "तुला भरीत आवडतं." ती म्हणाली, "ताई, आत्ता नको ना." याच भरतासाठी ती शाळेतून पळत यायची. तिने काकडी खाल्ली. त्या दुपारी तिने दुसरं काहीही खाल्लं नाही, आणि तिला तर कोणी अडवलंही नव्हतं.

तेवढ्यात शेजारीण वाटी घेऊन आली. भरलेली भांडी पाहून दारातच थबकली.

"मावशी, हे एवढं सारं तसंच? जवाई उपाशी राह्यले काय?"

"त्यांचं पोट बरं नाही गं," आई म्हणाली.

शेजारणीने जावयासमोरच्या डब्याकडे नीट पाहिलं. "पोट बरं नाई, त मंग मासोळी कायले खाऊन राह्यले?"

कोणी हसलं नाही. जावई तिला समजावू लागला की आमच्या धर्मात खाण्याचे नियम कडक असतात. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "नियम त आमच्यातही हायेत, भाऊ. पण मले सांगा, माय जेवाले वाढून बसली अन् लेकरू बाहेरचं खाते, हा कोन्ता नियम?" तिने कारल्याचं अख्खं पातेलं उचललं. "मी नेतो हे. आमच्याकडे चार जण हायेत, बोटं चाटतीन." आईला म्हणाली, "तुमी कायले रडता? कारलं त खराब नाई झालं."

आई रडत नव्हती. मला ते रडण्याहून वाईट वाटलं. ती फडकी परत भांड्यांवर टाकत होती, एकेक, कडा नीट खोचत.

रविवारी ते गेले. जाताना त्याने आईला वाकून नमस्कार केला आणि मान्यता असलेल्या तेलाचे डबे मुंबईहून पाठवतो म्हणाला. पाठवलेही. ते माळ्यावर, न फोडलेले आहेत.

त्यानंतर मी आईला शुक्रवारी फोन करत राहिले. काय केलंस, विचारलं की ती विषय बदलायची. गॅरेजवाल्यांच्या सुनेला मुलगी झाली, नळाला पाणी येत नाही, असं काहीतरी. मार्चमध्ये एका शनिवारी मी न कळवता वणीला गेले. दुपारची वेळ होती. दारातच फोडणीचा वास आला. गॅस पेटलेला होता. आई तव्यावरून पोळी काढून जाळावर टाकत होती, आणि पोळी फुगत होती. या घरात शनिवारी जाळ मी आयुष्यात पाहिला नव्हता. वडील गेले त्या शनिवारीही नाही. तेव्हा लोकांनी चहा बाहेरून आणला होता.

"आई, आज शनिवार आहे."

"ठाऊक आहे." तिने पोळी उलटली.

"मग?"

"मग काय? जाणत्या माणसाने सांगितलं ना, मी करत होते तो शनिवार नव्हताच. काकडी चुकली, तेल चुकलं, पाला चुकला. चुकीचा शनिवार कशाला पाळायचा? बरोबरचा मला येत नाही आणि या वयात शिकायचा नाही." तिने माझ्यासमोर ताट ठेवलं. "गरम आहे तोवर खा. इतकी वर्षं गार खाल्लं, पुष्कळ झालं."

मी जावयाबद्दल चार कडक शब्द बोलले. तिने ऐकून घेतलं नाही. तो शिकलेला आहे, म्हणाली, त्याचं बरोबरच असेल.

मग तिने पुढची पोळी लाटायला घेतली. मी वरण-पोळी खाल्ली. वरण उत्तम झालं होतं. समोर बसलेल्या आईला शनिवारी गरम घास फुंकताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि नीट फुंकायची सवय नसल्यासारखं तिचं तोंड भाजत होतं.