हिरव्या दांड्याचा ब्रश

करी रोडच्या आमच्या चाळीत नलूमावशीच्या बोटांना तोड नाही. दाढीच्या ब्रशाला लागणारे केसांचे झुपके तिने एकतीस वर्षं बांधले. आधी कारखान्यात, तो बंद पडल्यावर घरी. केस ठोकून सारखे करायचे, मुळाशी दोऱ्याचे सात फेरे आवळायचे, बूड डिंकात बुडवायचं. डोळे टीव्हीवर, बोटं कामावर.

एकाच ब्रशाला तिने कधी हात लावला नव्हता. नवऱ्याच्या. तो हितेंद्रकाकांना लग्नाआधी फणसवाडीतल्या सुमतीने दिलेला. दोघं एका ऑफिसात होती.

"नुसती मैत्रीण गं," काका म्हणायचे.

"मैत्रिणी रुमाल देतात. दाढीचा ब्रश कोण देतं?"

गेल्या रविवारी झुपका साबणासकट काकांच्या हातात आला.

"नलू, नवा बसवून देशील?"

"नवा ब्रशच घ्या की!"

"दांडा हाच हवा. हाताला सवय झालीय."

"होणारच. पस्तीस वर्षं कुरवाळताय."

तरी तिने घेतलाच. सुमतीचा झुपका कचऱ्यात आणि आपला दांड्यात, अशी संधी पुन्हा कुठली! दांडा गरम पाण्यात ठेवला, सुरीच्या टोकाने आतला जुना डिंक खरवडला. गळालेला झुपका फेकायच्या आधी सहज उलटा करून बघितला, आणि थबकली.

"ह्याला दोराच नाही. हा मशीनचा आहे! पस्तीस वर्षांपूर्वी कुठले आले मशीनचे झुपके?"

काकांनी पेपर तोंडासमोर धरला.

"अहो, पेपर खाली. कधी बदललात?"

"झाली... बारा वर्षं."

"कुणाकडून?"

"दादरला एक जण बसवून देतो."

"घरात मी बसलेय आणि दादर?" मावशी मालवणीवर आली, म्हणजे प्रकरण गंभीर. "माका सांगूक काय झाला होता?"

"कसं सांगणार? सुमतीचा ब्रश म्हटलं की तू दोन दिवस बोलत नाहीस."

"तिचा दांडा हातात धरलात, गिळलं मी. पण बारा वर्षं परक्याचा झुपका गालावर?"

सुमती एका क्षणात मागे पडली. "माझ्यापेक्षा घट्ट बसवतो का तो?"

"अगं, निघाला ना हातात!"

"बारा वर्षांनी निघाला!" हेच तिला जास्त लागलं होतं.

ठेवणीतले केस काढून तिने सातऐवजी नऊ फेरे आवळले. झुपका फार खोल गेला तर टोचतो, वर राहिला तर लुळा पडतो. चारदा काढघाल करून मगच चिकटवला.

सुकल्यावर, मंगळवारी सकाळी, काका आरशासमोर उभे राहिले, तर मावशी मोरीच्या दारात हजर.

"मऊ आहे?"

"आहे."

"त्या दादरवाल्याहून?"

"दाढी करू दे गं."

"आधी सांगा."

काका फेसातून म्हणाले, "त्याचा टोचायचा."

मावशी खुलली. चहा ठेवायला वळली, दोन पावलं गेली आणि परत आली.

"आणि सुमतीवाला?"