कुठूनबाई

आमच्या शहापूरच्या कॉलेजात कुणी काही ठामपणे सांगितलं, की लायब्ररीतून प्रश्न यायचा, "कुठून कळलं?" उद्या पाऊस येणार म्हणा, नाहीतर प्राचार्य रजेवर आहेत म्हणा, प्रश्न ठरलेला. त्यामुळे आमच्या ग्रंथपाल बाईंचं नाव पडलं कुठूनबाई. त्यांनाही ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं.

मी तेव्हा तासिका तत्त्वावर नवीच लागले होते, पहिल्या वर्षाच्या मुलांना लेखन शिकवायला. पहिल्याच आठवड्यात ऐटीत म्हणाले, "बाई, पाण्यावर पुस्तकं द्या." त्यांनी चष्मा वर सरकवला. "विषय नको, प्रश्न सांगा. पोरं शोधणार काय?" मी पुन्हा 'पाणी'च म्हणाले. मग समोर बसवून, चहा पाजून त्यांनी माझ्याकडूनच प्रश्न काढून घेतला: आपल्या गावाचं पाणी येतं कुठून आणि जातं कुठे? कात्रणं, जुने नकाशे टेबलांवर मांडून मुलांचा एक तास लायब्ररीत घेतला आणि वर मुलांना सांगितलं, "हे सगळं तुमच्या मॅडमनी काढलंय." मी काढलं होतं ते फक्त तासाचं टाचण.

एवढं होऊनही मी माती खाल्लीच. भातसानगरच्या पलीकडच्या वाडीतली सुगंधा माझ्या वर्गात होती. घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. तिनं लिहिलं, आमची वाडी आधी खाली नदीकाठी होती, धरणाचं पाणी चढलं तशी वर आली. संदर्भ म्हणून लिहिलं होतं, 'आजी'. मोबाइलवरून उतरवलेले निबंध मी पास केले, कारण शेवटी पुस्तकांची नावं होती. हिच्या वहीवर मात्र लाल शाईनं लिहिलं, 'संदर्भ नाही'. दुसऱ्या दिवसापासून ती येईनाशी झाली. "लिवणं आपलं काम नाय," असं मैत्रिणीला सांगून घरी बसली.

मी वही घेऊन बाईंकडे गेले. त्यांनी ती सगळी वाचली. "आजी म्हणजे संदर्भ नाय, हे तुमाला कुठून कळलं?" आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

दोन दिवस त्यांनी कपाटं उपसली. धरणाआधीचा एक नकाशा सापडला. त्यात नदीकाठी वाडीचं नाव होतं. मग सुगंधाच्या मैत्रिणीकडून माहिती घेऊन त्यांनी पुस्तकांचं असतं तसंच एक कार्ड लिहिलं: आजीचं नाव, गाव, कुणाला सांगितलं, कधी सांगितलं. खाली नकाशाचा क्रमांक.

शनिवारी आम्ही दोघी जीपनं वाडीवर गेलो. मी सुगंधाची माफी मागितली. ती कार्डच बघत राहिली.

"आजी वर नि नकाशा खाली?"

"आजी आधीची हाय ना गो," बाई म्हणाल्या.

सोमवारी सुगंधा पहिल्या बाकावर होती.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात मी म्हणाले, "शिकवायला मी खरी बाईंकडून शिकले." पहिल्या रांगेतून आवाज आलाच, "कुठून कळलं?" सगळे हसले. मी तयारीनं आले होते. खाली उतरून एक कार्ड त्यांच्या हातात दिलं. वर त्यांचं नाव, खाली शहापूर, त्याखाली 'मला समोर बसवून सांगितलं' आणि त्या चहाची तारीख.

बाईंनी ते दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि पर्समध्ये नीट ठेवलं. त्या दिवशी पुढचा प्रश्न काही आला नाही.