ओंडक्यांच्या घरातल्या काकू

"बघून झालं? मग दार लावून घ्या."

ओंडक्यांच्या त्या घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला काकू हे वाक्य ऐकवायच्या. हातात चुलीतली सळई, कमरेला मळकट एप्रन, डोक्यावर झालरीचं टोपडं आणि टोपड्याखाली कपाळावर टिकली. पाहुणे बिचारे शनिवारची करमणूक म्हणून आलेले असत. ओहायोचं जंगल तोडून इथे पहिल्यांदा राहायला आलेलं कुटुंब कसं जगत होतं, ते त्यांना बघायचं असे. आणि दारातच ही बाई त्यांच्याकडे अशी बघायची, जणू ते विरजण मागायला आलेत.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आपण त्यांना टाळतो आणि मग वर्षानुवर्षं त्यांचीच आठवण काढतो.

मी २००४ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमागे नागपूरहून ओहायोतल्या डब्लिनला आले. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, फुकट काम करायला मात्र कोणाची हरकत नव्हती. गावाबाहेरच्या पार्कात जुन्या ओंडक्यांचं एक घर होतं. खाली एकच खोली, एका भिंतीला माणूस आत उभा राहील एवढी मोठी चूल, आणि शिडी चढून गेलं की पोरांनी झोपायचा माळा. शनिवारी आम्ही स्वयंसेवक जुने कपडे घालून तिथे संसार मांडायचो. मला मोठ्या मुलीचं काम मिळालं. आई म्हणून चुलीपाशी कोण बसलंय ते बघायला मी आत गेले, तर आतून मराठीत आवाज आला, "कुठली तू?"

"नागपूर."

"पाणी आण, नागपूर."

माझं नाव त्यांनी कधीच विचारलं नाही. पुढची चार वर्षं मी नागपूरच राहिले.

काकू मूळच्या मिरजेच्या. भूल देणाऱ्या डॉक्टर. तीसेक वर्षं इथल्याच एका हॉस्पिटलात काम करून रिटायर झालेल्या. "माझे पेशंट झोपलेले असायचे," त्या म्हणत, "म्हणून गोड बोलायची प्रॅक्टिस राहिली नाही." काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा कॅलिफोर्नियात. मराठी मंडळात त्या पाऊल टाकत नसत. या घरातच का येता, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "इथे कोणी मला गणपतीच्या जेवणाला किती डबे श्रीखंड लागेल ते विचारत नाही."

एका शनिवारी एक चिमुरडी त्यांच्या टिकलीकडे टक लावून बघत होती. शेवटी तिनं विचारलं, "तुम्ही इंडियन आहात ना? मग या घरावर हल्ला तुम्हीच केला होता का?"

"अजून केलेला नाही," काकू म्हणाल्या.

तिच्या आईनं तिला दंडाला धरून बाहेर नेलं.

दुसऱ्या एका बाईंनी सगळीकडे हात फिरवत उसासा टाकला. किती शांत आयुष्य असेल नाही, म्हणाल्या. काकूंनी लाकडी बादली त्यांच्या हातात दिली. "विहीर तिकडे आहे." बाई हसत गेल्या आणि अर्धी बादली घेऊन धापा टाकत आल्या. काकूंनी ती बादली पिंपात रिकामी करून परत पुढे केली. "आता हे दिवसभर. पोटात आठवा महिना. वर माळ्यावर दोन पोरं तापानं फणफणलेली. नवरा चार दिवस मीठ आणायला गेलाय. शांत वाटतंय?"

तक्रारी व्हायच्या. पार्कची मॅनेजर तरुण होती, भांडणाला घाबरायची. ती काकूंना थोडं हसत चला म्हणून सुचवायची. काकू म्हणायच्या, "चुलीपुढे बसून हसणारी बाई मी कुठेही पाहिलेली नाही. ना मिरजेत, ना इथे."

पण खरी लढाई घरातच होती. या घरात आई होती, तसा बापही होता. त्याला सगळे 'पा' म्हणायचे, म्हणून मीही 'पा'च म्हणेन. सत्तरीचा, उंच, हाडापेरानं मजबूत. आयुष्यभर शाळेच्या बस दुरुस्त केलेल्या. त्याचे पूर्वज याच भागात असल्याच एका घरात जन्मले होते. त्यामुळे हा त्याला कार्यक्रम वाटत नसे, स्वतःचं घर वाटे. आणि त्या घरात त्याची बायको म्हणून कुंकू लावणारी बाई बसली होती.

काकू आल्या त्याच वर्षी त्यानं स्वयंसेवकांच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं होतं, "माझं त्यांच्याशी वैर नाही. पण मुलं गोंधळतात. या बाई पायोनिअर दिसत नाहीत." काकूही उभ्या राहिल्या. "मी दोन बॅगा घेऊन आठ हजार मैलांवरून इथे आले, पहिल्या हिवाळ्यात ओळखीचं एक माणूस नव्हतं. हे जन्मले त्या गावातून हलले नाहीत. आता ठरवा पायोनिअर कोण."

मग दोघांचं बोलणं बंद. एकाच खोलीत, एकाच चुलीपाशी, आणि मध्ये मी. "तिला सांग, भाकरी करपतेय." "त्या लाकूडतोड्याला सांग, लाकडं ओली आणली तर धूरच होणार." ही भांडणं इंग्रजीत व्हायची, पण मला ती मराठीतच आठवतात. बघणाऱ्यांना वाटे, काय छान अभिनय करतात. एका म्हाताऱ्या जोडप्यानं तर टाळ्या वाजवल्या होत्या.

२००६ च्या उन्हाळ्यात काहीतरी बदललं, पण मला ते कळलं नाही.

पा अंगणात शाळेच्या मुलांना ओंडका चौकोनी कसा तासायचा ते दाखवत होता. हे त्यानं शेकडो वेळा दाखवलेलं. मध्येच तो थांबला. कुऱ्हाड हातात, तोंड अर्धवट उघडं, आणि शब्द नाही. मुलं वाट बघत होती. तेवढ्यात दारातून काकू कडाडल्या, "उभे काय राहिलात पुतळ्यासारखे? चूल विझली. ओल्या लाकडांशिवाय दुसरं काही आणता येतं का तुम्हाला?"

पा गर्रकन वळला. लाल झाला. ओकचं लाकूड किती महिने वाळवावं लागतं, आपल्या आजोबांनी आपल्याला काय शिकवलं, हे सगळं त्यानं एका दमात काकूंना सुनावलं. मग मुलांकडे वळून ओंडक्याचं काम जिथे सोडलं होतं तिथून पुढे नेलं. मुलं खूश.

असं पुन्हा झालं, मग पुन्हा. तो कुठे अडखळला की काकू आतून वार करायच्या. मला ते बघवेना. परतताना त्याच मला गाडीतून सोडायच्या, तेव्हा मी धीर करून म्हटलं, "काकू, तुमचं त्यांच्याशी जे काही असेल ते असो. पण लोकांसमोर कशाला?"

त्यांनी सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाल्या, "चिडला की त्याला शब्द सापडतात."

मला कळायला थोडा वेळ लागला.

"तुम्ही कोणाला सांगितलंत का?"

"काय सांगू? मी भूल देणारी. मेंदूची डॉक्टर नाही. आणि माझ्या तोंडून कोण ऐकून घेणार?" मग त्या म्हणाल्या, "त्याच्याकडे शनिवारशिवाय काही नाही गं. एवढा सीझन काढू दे."

सीझन निघाला नाही. पानगळ संपत आली होती. पा लाकडं आणायला म्हणून गेला आणि आलाच नाही. आम्ही शोधत निघालो, तर पार्काबाहेरच्या मोठ्या रस्त्याच्या कडेला तो उभा. अंगावर ते जुने कपडे, खांद्यावर कुऱ्हाड, आणि शेजारून गाड्या सुसाट चाललेल्या. मी जवळ जाऊन हाक मारली. तो नम्रपणे म्हणाला, "मिस, माझं घर कोणत्या बाजूला आहे, सांगता का?"

काकू मागून आल्या, झगा चिखलानं भरलेला. त्यांनी त्याचा हात धरला नाही, समजूत घातली नाही. समोर उभं राहून म्हणाल्या, "एवढा वेळ लावून एक काटकी आणली नाहीत. तुमच्या आजोबांनी हेच शिकवलं होतं?" आणि पाठ फिरवून चालू लागल्या.

'पा'च्या चेहऱ्यावर काहीतरी परत आलं. "माझ्या आजोबांचं नाव काढू नकोस," तो म्हणाला आणि काकूंच्या मागोमाग निघाला. पार्कापर्यंत दोघं तशीच गेली. ती पुढे चालत त्याच्या लाकडांना नावं ठेवतेय, हा मागून तावातावानं उत्तरं देतोय. गाडीवाले वेग कमी करून बघत होते.

घरात आल्यावर काकूंनी त्याच्याकडून कुऱ्हाड मागून घेतली. कोटाच्या खिशातल्या गाडीच्या किल्ल्याही काढल्या. मग मॅनेजरला सांगून त्याच्या मुलीला बोलावून घेतलं.

मुलगी आली, पन्नाशीची, घाबरलेली. काकू सरळ म्हणाल्या, "आजपासून यांना गाडी देऊ नका. कुऱ्हाडही नाही. उद्याच्या उद्या न्यूरोलॉजिस्टची वेळ घ्या."

"माझ्या वडिलांना इथून काढायचंच होतं तुम्हाला," मुलगी म्हणाली. "त्यांनी तुमच्याविरुद्ध तोंड उघडलं, त्याचा हा बदला."

पा खुर्चीतून म्हणाला, "तिला माझं घर हवंय."

मॅनेजरनं हळूच विचारलं, "तुम्हाला हे आधी जाणवलं होतं का?"

"उन्हाळ्यापासून."

"आणि गप्प बसलात?" मुलीचा आवाज चिरकला. "उलट लोकांसमोर त्यांचा अपमान करत राहिलात? मी स्वतः ऐकलंय."

मी पुढे झाले. काय घडत होतं ते मला माहीत होतं, मला ते सांगायचं होतं. काकू माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाल्या, "नागपूर, गप्प बस."

गाडीत मी रडले. त्या म्हणाल्या, "तिला आज कोणावर तरी चिडायचंच आहे. बापावर चिडली तर त्याचा पश्चात्ताप जन्मभर पुरेल. माझ्यावर चिडू दे." पुढच्या वळणावर त्यांनी भर घातली, "आणि ती म्हणते ते सगळं खोटं नाही. मी आधी सांगायला हवं होतं. शिवाय तो माणूस मला कधीच आवडला नाही. आजही आवडत नाही."

दुसऱ्या वर्षी त्या घराला नवा बाप मिळाला. हसरा, प्रत्येक वाक्यात प्लीज म्हणणारा. काकूंनी दोन शनिवार काढले आणि टोपडं मॅनेजरच्या टेबलावर ठेवून आल्या. "भांडण नाही तो संसार कसला," म्हणाल्या.

'पा'ला घरी सांभाळणं अशक्य झालं, तेव्हा त्याला वृद्धांच्या एका केंद्रात ठेवल्याचं मॅनेजरकडून कळलं. मी ते काकूंना सांगितलं. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "तयार राहा. येते."

आम्ही गेलो तेव्हा मुलगी तिथेच होती. काकूंना बघून ती उठून उभी राहिली. "आता काय हवंय?" पा खिडकीशी खुर्चीत बसला होता. कित्येक आठवड्यांत त्याच्या तोंडून धड वाक्य निघालं नव्हतं, असं नंतर तिथल्या नर्सनं सांगितलं. काकू त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. तो बघत राहिला, बराच वेळ. ओळख अशी काही दिसली नाही. मग त्याच्या कपाळावर आठी उमटली.

"भाकरी करपवते ही," तो म्हणाला.

"ओल्या लाकडांवर आणखी काय होणार?"

"माझी लाकडं ओली नसतात," पा म्हणाला. आणि बोलतच सुटला. ओक, मेपल, छपराखालची रचलेली थप्पी, आजोबा. मध्येच त्यानं मुलीला नावानं हाक मारली, "हिला सांग." मुलगी पाण्याचा ग्लास हातात घेऊन तशीच उभी होती.

जाताना तिनं आम्हाला कॉरिडॉरमध्ये गाठलं. आभार नाहीत, हसू नाही. "मंगळवारी मी कामावर असते," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "मंगळवारी येऊ शकता."

"मंगळवारी मला जमणार नाही," काकू म्हणाल्या. "बुधवारी येईन."

त्या बुधवारी गेल्या आणि नंतरही दर बुधवारी जात राहिल्या. मला सोबत न्यायच्या. काकू आणि त्याच्या मुलीमध्ये कधी नमस्कार-चमत्कार झाला नाही. एकदा आम्ही गेलो तेव्हा मुलगी तिथेच होती, तिनं आपला कोट काकूंच्या खुर्चीवरून उचलून दुसरीकडे ठेवला, एवढंच.

पुढे काकू मुलाकडे कॅलिफोर्नियाला गेल्या. तिथून कधी आल्या नाहीत, आणि काही वर्षांनी त्या गेल्याचा निरोपच आला. पण त्यांचा विचार आला की मला २००८ च्या सुरुवातीचा एक बुधवार आठवतो.

बर्फ पडून गेला होता. पा पलंगावर होता, बराच खंगलेला. काकूंनी लाकडांचा विषय काढला, आजोबांचा काढला, त्याच्या बसगाड्यांना खटारा म्हणून पाहिलं. तो त्यांच्याकडे लहान मुलासारखा बघत होता. कपाळावर आठी नाही. त्याचं पांघरूण घसरलं होतं. काकूंनी ते ओढून नीट केलं. तेव्हा त्यानं त्यांचा हात थोपटला आणि हसून म्हणाला, "थँक यू, मॅम. तुम्ही फार चांगल्या आहात."

काकू लगेच उठल्या. कोट घातला, बटणं चुकीच्या काजात लावली. पार्किंगमध्ये आल्यावर त्यांनी किल्ल्या माझ्यासमोर धरल्या.

"तू चालव."

मी नुकतंच लायसन्स काढलं होतं. याआधी दोनदा त्यांना शेजारी बसवून गाडी चालवली होती आणि दोन्ही वेळा त्यांची बोलणी खाऊन रडत घरी आले होते. रस्ता निसरडा होता. मी एका वळणावर चुकीच्या लेनमध्ये शिरले, एका सिग्नलला ब्रेक इतका करकचून दाबला की दोघी पुढे फेकल्या गेलो. मागच्या गाडीनं लांबलचक हॉर्न दिला. मी अंग चोरून वाट बघत राहिले.

काकू खिडकीबाहेर बघत होत्या. घरापर्यंत त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत.